सरासरीला भूक लागत नाही

माझे तोंड काळे आहे, मित्रांनो, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. पावाच्या जुन्या भट्टीचे तोंड काळे नसेल, तर तिने आयुष्यात काम केले नाही असे खुशाल समजावे. मी कॅनडातल्या थंडर बे गावात, बे स्ट्रीटच्या उतारावर, राउतिओंच्या बेकरीच्या मागच्या खोलीत उभी आहे. फिनलंडहून आलेल्यांच्या तीन पिढ्या मी पाहिल्या, आणि आता इराणहून आलेली माणसे पाहते आहे. या दोघांत बरे कोणाचे चालले आहे, खाऊनपिऊन सुखी कोण, हे ठरवायला तक्ते घेऊन लोक येतात. मला कोणी विचारले नाही. म्हणून मी आपणहून सांगते.

मला यालमारी नावाच्या गवंड्याने बांधले. त्या काळी गावाचे नाव पोर्ट आर्थर होते. विटा एका पाडलेल्या गोदामाच्या, तळाच्या लाद्या मऊ दगडाच्या, माती नदीकाठची. मला बांधून घेणारा तावेत्ती राउतिओ काही भटारी नव्हता. तो रानात झाडे तोडायचा. लाकूडतोडीच्या छावणीत मजुरांना ओल्या गवतावर, उवा-पिसवांच्या संगतीत झोपावे लागे. तावेत्तीने मुकादमाकडे कोरडी गादी मागितली. मुकादमाने त्याला हाकलले, आणि त्याचे नाव सगळ्या छावण्यांत असे पोचवले की पुन्हा कोणी त्याच्या हाती कुऱ्हाड दिली नाही. "कुऱ्हाड नाही तर फावडं," तो म्हणाला, आणि पाव आत सरकवायचे लांब दांड्याचे लाकडी फावडे त्याने स्वतः तासले. पाव करायची ती त्याची बायको सान्नी. काळपट, आंबूस, मध्ये भोक असलेले पाव. ते काठीत ओवून छताखाली टांगून ठेवत.

त्याच सुमारास एक गृहस्थ वस्तीतून फिरून गेले. कोणत्या देशाची माणसे किती कमावतात, कशी राहतात, याचा त्यांनी तक्ता केला. फिनलंडची माणसे त्यात अगदी तळाशी होती. गरीब, अडाणी आणि भांडकुदळ, असे त्यांचे मत पडले. ज्यांना ते अडाणी म्हणाले, त्यांच्या सभागृहात वाचनालय होते आणि दर हिवाळ्यात नाटके बसत. तक्त्यात नाटकाला रकाना नव्हता. पुढे लाकूडतोड्यांनी संप केला तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी तावेत्तीला पीठ द्यायचे बंद केले. आसपासच्या शेतांवरच्या बायकांनी घसरगाड्यांवरून पोती आणली. सान्नीने माझा विस्तव विझू दिला नाही. तळाशी असलेल्या त्या माणसांनी तो हिवाळा एकमेकांना जगवून काढला, आणि त्यात माझा वाटा होता. हे मी नम्रपणे सांगत नाही. छाती पुढे काढून सांगते.

नंतर सुबत्ता आली. तावेत्तीची मुले कागदाच्या गिरणीत लागली, नातवंडे शिकून शिक्षक झाली, परिचारिका झाली, गावाबाहेर अंगणाच्या घरांत राहायला गेली. त्यांना मऊ पाव आवडू लागला. पुढच्या खोलीत विजेवर चालणारी चकचकीत भट्टी आली, आणि मला वेलदोड्याचे गोड पाव भाजायचे तेवढे काम उरले. मग तेही गेले. माझ्या पोटात नाताळच्या सजावटीची खोकी आली. मित्रांनो, जिने गावाला पाव दिला, तिच्या पोटात कागदी देवदूत कोंबणे यापरता अपमान नाही.

तावेत्तीची नात आउने हिने मात्र बेकरी सोडली नाही. बाई कमी बोलणारी. तिच्याकडे कामाला आली ती गोलनार.

गोलनार इराणातल्या अहवाझ शहरात मुलींना भूगोल शिकवायची. तिचा नवरा फरामर्झ धरणांचा इंजिनिअर. इथे त्याच्या पदवीला कोणी पुसेना, म्हणून तो मालाचा ट्रक घेऊन विनिपेगला जायचा आणि यायचा. पहिल्या दिवशी आउनेने तिला विचारले, "पाव करता येतो?"

"येतो. पण तुमच्यासारखा नाही."

"बरंच आहे. आमचा खाताना दात पडतात."

गोलनार हसली आणि कामाला लागली. एकदा खोकी हलवताना तिचा हात माझ्या तळाच्या लादीला लागला. ती थांबली. वाकून तिने आत डोके घातले आणि तळहाताने सगळी लादी चाचपली.

"आउने खानुम, यात तुम्ही कागदी देवदूत ठेवता?"

"मग काय ठेवू?"

"मला एकदा पेटवू द्या."

त्या आठवड्यात तिने मला पेटवले, हळूहळू, आजारी माणसाला पेज भरवावी तशी. मग लांबट, चपटे पाव आत आले. बोटांनी रेघा ओढलेले, वरून तीळ. पाव जुन्या फावड्यावर मावेनात, म्हणून फरामर्झने नवी फळी तासली. आउनेने एक तुकडा तोडून खाल्ला आणि लगेच दुसरा घेतला. तिच्या बाबतीत ही स्तुतीच होय. गोलनार चहात वेलदोडा टाकी, आउने पावात. त्या एका डब्यावर दोघींची मैत्री जमली.

पण माझे धुराडे म्हातारे झाले होते. तपासणीला आलेल्या माणसाने त्यातली भेग पाहिली आणि सांगून गेला, की दुरुस्त करा, नाहीतर भट्टी पाडा, तोवर विस्तव बंद. आउनेला बेकरी गोलनारच्या हाती द्यायची होती. पाडायचे म्हटले असते तर जागा मोकळी होऊन भाव चांगला आला असता. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत नाही."

गावातल्या जुन्या दुकानांना हातभार लावणारे एक मंडळ होते. गोलनारने तिथे मदत मागितली. मंडळाचे प्रेंटिस नावाचे गृहस्थ मला बघायला आले. माणूस सभ्य. बूट पुसून आत आला. कोपऱ्यात आउनेचा चुलतभाऊ वेइक्को रोजच्यासारखा कॉफी पीत बसला होता. वेइक्को गिरणीत होता, आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरांची, धुराडी बांधून देई. गिरणी बंद पडली तसा तो कडू झाला.

"अडचण अशी आहे," प्रेंटिस म्हणाले, "ही मदत मागे पडलेल्या समाजांसाठी आहे. इराणी समाज इथे मागे नाही. शिक्षण बघा, पगार बघा, फिनिश समाजाच्याही वर आहे. खरं तर तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे."

"मी काय म्हणत होतो?" वेइक्को कपातूनच बोलला. "यांचे टोरंटोत बंगले आहेत. आता आपली भट्टी घेऊन आणखी एक बांधतील."

गोलनारने हात पुसले. "बंगला माझ्या मावसभावाचा आहे, वेइक्को आगा. दातांचा डॉक्टर आहे तो. मी पाव भाजते म्हणून फोनवर सुद्धा लाजतो माझी. त्याचा बंगला आणि माझ्या भाड्याच्या दोन खोल्या एकत्र केल्या आणि निम्मे निम्मे वाटले, तर माझ्या वाट्याला ऐसपैस घर येतं. त्याची किल्ली कोणाकडे मिळते तेवढं या साहेबांना विचारून द्या. उद्याच सामान हलवते."

वेइक्कोला हसू फुटले आणि कॉफी सदऱ्यावर सांडली. आपण हसलो याचाच त्याला राग आला.

"सरासरी अशीच काढतात, बाई," प्रेंटिस म्हणाले.

"काढा की. पण मग भूक पण तिलाच लागू द्या. मला का लागते?"

आता आउनेने तोंड उघडले. "आणि आमचं काय लिहिलंय?"

"फिनिश मंडळी मध्यावर आहेत. छान स्थिरावलेली."

"असं? वेइक्को, तू छान स्थिरावलायस का रे?"

वेइक्कोने कपातली कॉफी ढवळली. त्याची बायको दुखण्यात वारल्यापासून तो घरात एकट्या स्वयंपाकघरातच ऊब ठेवतो आणि टेबलाशेजारी खाट टाकून झोपतो, हे अख्ख्या रस्त्याला माहीत होते. फक्त कोणी उच्चारत नव्हते. आउनेने उच्चारले. "हा इथे कॉफीला येत नाही, साहेब. हा ऊब घ्यायला येतो. लिहा तुमच्या मध्यावर."

वेइक्कोने कप ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला. त्याच्यामागे प्रेंटिसही गेले, मदत न देताच. आउने माझ्या तोंडाशी बसून राहिली. खरे बोलल्याचे तिला दुःख नव्हते. ते परक्यासमोर, आपल्या माणसाच्या तोंडावर बोलल्याचे होते.

वेइक्को यायचा बंद झाला. चार-पाच सकाळी त्याची खुर्ची रिकामी पाहून गोलनारने विजेच्या भट्टीतला एक गरम पाव फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या घरी गेली. तिथे काय झाले ते मला दोघांच्या तोंडून कळले, कारण पुढे दोघेही माझ्याजवळ बसून ते आपापल्या सोयीने सांगत. त्याने दार अर्धेच उघडले. ती अर्ध्या दारातून आत शिरली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसली.

"दया करायला आलीस?" तो म्हणाला.

"नाही. गवंडी शोधायला आले."

"श्रीमंत इराणी बाईंना मजूर मिळत नाहीत वाटतं?"

"मिळतात. पण छान स्थिरावलेल्या फिनिश गवंड्यांचा भाव मला परवडत नाही. म्हटलं घासाघीस करून बघावी."

वेइक्कोने पाव तोडला. लोणी नव्हते, कोरडाच खाल्ला. "त्या आउनेला सांग, मी तिच्यासाठी येत नाही. ती भट्टी आजोबांनी बांधून घेतली होती, आणि ते माझेही आजोबा."

"तुम्हीच सांगा. मला शिव्यांचं भाषांतर येत नाही."

दुसऱ्या दिवशी तो थापी, ओळंबा आणि शिडी घेऊन आला. आउनेने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. ती एवढेच म्हणाली, "मी चुकीच्या ठिकाणी बोलले." तो म्हणाला, "साखर कमी आहे." तेवढ्यावर त्यांचे मिटले.

धुराडे खालपासून वरपर्यंत नव्याने बांधले गेले. फरामर्झ ट्रकच्या फेरीवरून परतला की कपडे न बदलता विटा वर पोचवी. वेइक्को त्याला शिडीवरून ओरडे, "अहो धरणवाले, वीट आहे ती, धरणाची भिंत नव्हे. इतकं मापत बसू नका." फरामर्झ खालून म्हणे, "तुमच्या मापाने बांधलं असतं तर अहवाझ कधीच बुडालं असतं." मला मात्र प्रत्येक नवी वीट बसताना जाणवत होती. म्हातारपणी अंगाला कोणी हात लावावा, तोही कामासाठी, याहून मोठे सुख नाही.

तपासणीचा माणूस पुन्हा आला, वर चढला, उतरला, आणि विस्तव लावायला हरकत नाही म्हणाला. मला पेटवले तेव्हा धूर सरळ वर गेला. त्या शनिवारी माझ्यातून आधी आउनेचे काळे पाव निघाले, मग गोलनारचे लांब. रस्त्यावर रांग लागली. तिच्यात सगळे होते. मोठ्या गाडीतून उतरलेले होते आणि बसच्या भाड्यासाठी खिसे चाचपणारे होते, दोन्ही देशांच्या लेकरांत दोन्ही तऱ्हेचे. मी सगळ्यांना सारखेच भाजून दिले.

आता गोलनारचे नशीब उघडले, असे मी म्हणणार नाही. खोटे बोलण्याचे माझे वय नाही. ती अजून भाड्याच्या खोल्यांत राहते. फरामर्झच्या पदवीचे घोंगडे अजून भिजत पडले आहे. वेइक्कोच्या घरात अजून एकच खोली गरम असते, पण आता तो दिवस इथे काढतो आणि येईल-जाईल त्याला धुराडे दाखवतो.

मध्यंतरी प्रेंटिस परत आले. या वेळी बरोबर छायाचित्रकार होता. मंडळाच्या नव्या पुस्तिकेत त्यांना दोघींचे चित्र हवे होते. पुढे गेलेल्या इराणी समाजाची यशस्वी बाई, आणि स्थिरावलेल्या फिनिश समाजाची वारसा जपणारी आजी. मागे मी.

"यश तुमचंच आहे, बाई," ते गोलनारला म्हणाले. "लोकांना कळू दे की तुमचा समाज किती पुढे आहे."

"मदत मागितली तेव्हा माझ्या समाजाने माझी वाट अडवली," गोलनार म्हणाली. "आता चित्रात मी त्याच्या कामाला येऊ होय? नाही, साहेब. चित्र नाही."

"आउनेबाई, तुम्ही तरी..."

"मला फोटोत हसता येत नाही," आउने म्हणाली. "आणि तुमच्या मागे लोक खोळंबलेत. पाव हवा असेल तर रांग तिकडून आहे."

छायाचित्रकाराने कॅमेरा पिशवीत घातला आणि खरोखरच रांगेत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने प्रेंटिसही त्याच्यामागे उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा गोलनारने त्यांना सगळ्यांना देते तसाच पाव दिला, गरम, कागदात गुंडाळून. कमी नाही, जास्त नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असे सांगायची आम्हा जुन्यांची रीत आहे. मी तसे सांगणार नाही. मी दगडविटांची आहे, मला सहन करता येते. जपायचेच असेल तर शेजारच्या माणसाला जपा, आणि त्याला त्याच्या देशाच्या, भाषेच्या, जातकुळीच्या ढिगात टाकून तोलू नका. अमक्यांचे बरे चालले आहे, तमके सुखात आहेत, असे कोणी तक्त्यात दाखवले, तर तो तक्ता हातात घेऊन त्या माणसाच्या घरी जा. त्याच्या चुलीवर तळहात धरा. ती गरम असेल तर बसा आणि खुशाल जेवा. थंड असेल तर तक्ता तिच्यात घाला. कोरडा कागद लवकर पेटतो, एवढे मला नक्की ठाऊक आहे.