खांबामागचं पातेलं

लिफ्ट बंद पडायला मुहूर्त लागत नाही. ज्या संध्याकाळी मिस्त्रींना जन्मात पहिल्यांदा कुठेतरी नटूनथटून वेळेवर जायचं होतं, नेमकी त्याच संध्याकाळी एका बँकेची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आतल्या माणसांना बाहेर काढून, हातांचं ग्रीस घासून, घरी जाऊन पातेलं उचलेपर्यंत मंडळाची वर्षअखेरची पार्टी सुरूसुद्धा झाली होती.

मंडळ कसलं ते आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. ही माणसं गावभर छोट्या छोट्या डब्या लपवतात, पुलाखाली, बाकाच्या पायात, झाडाच्या ढोलीत, आणि फोनवरच्या नकाशात जागेची खूण टाकतात. बाकीच्यांनी त्या शोधायच्या, आतल्या चिठोऱ्यावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी, होती तिथेच ठेवून द्यायची. बक्षीस म्हणाल तर काही नाही. चांगली शिकलीसवरलेली माणसं सुट्टीच्या दिवशी गटाराकडेला ओणवी होतात आणि कुणी हटकलं की चावी पडली म्हणून सांगतात. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

मिस्त्रींच्या बायकोची लेक या मंडळाची सचिव. नजर तेज, म्हणून मंडळात तिला घार म्हणत. आता बायकोची लेक असं का म्हणायचं? तर मिस्त्रींनी लग्न केलं तेच मुळी पन्नाशी उलटल्यावर, एका नर्सबाईंशी, आणि बाईंबरोबर ही नोकरी करणारी, स्वतःच्या मताची मुलगी घरात आली. मुलगी वाईट नव्हती. उलटून बोलत नसे, दारं आपटत नसे. फक्त मिस्त्रींना हाक मारत नसे. ते समोर बसलेले असले तरी स्वयंपाकघरात जाऊन म्हणायची, आई, त्यांना सांग चहा झालाय. तिने बाबा म्हणावं असं मिस्त्रींच्या मनातही नव्हतं. तिचे बाबा ती शाळेत असतानाच गेले होते, आणि गेलेल्या माणसाची खुर्ची ओढून बसायला मिस्त्री काही निर्लज्ज नव्हते. पण कोपऱ्यावरच्या केळीवाल्यालाही ती काका म्हणायची. लग्नाला वर्ष होत आलं तरी मिस्त्रींच्या वाट्याला तेवढंही आलं नव्हतं, आणि ते त्यांना लागत होतं. भारी लागत होतं.

म्हणून परवा तिने फ्रिजकडे बघत सांगितलं, की मंडळाची पार्टी आहे, आईची ड्यूटी आहे, घरातून कुणाला यायचं असेल तर यावं, तेव्हा मिस्त्रींनी ते कुणीतरी म्हणजे आपणच असं धरून टाकलं. प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा होता आणि चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी भेट. चिठ्ठ्यांची पिशवी घरी फिरली तेव्हा मिस्त्रींच्या हाती लागलं ते घारीचंच नाव. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि रात्रीपर्यंत तिथून हात काढला नाही.

भेट त्यांनी स्वतः बनवली. मोडीत निघालेल्या एका लिफ्टचं पितळी बटण त्यांनी कधीचं जपून ठेवलं होतं. ते घासूनपुसून चकचकीत केलं, मागे बोटाएवढी पोकळ नळी बसवली आणि पाठीला चुंबक लावला. बटण फिरवलं की नळी बाहेर यायची. कुठल्याही लोखंडी पत्र्यावर चिकटवा, बघणाऱ्याला वाटणार बटणच आहे. लपवायला याहून झकास डबी सापडली नसती.

आणि पदार्थ म्हणजे कोंबडी-बटाट्याचा रस्सा. एकट्याने काढलेल्या वर्षांत हा एकच पदार्थ त्यांनी असा साधला होता, की त्यात खोट काढायची तर सासूच आणावी लागली असती.

पार्टी वाचनालयाच्या वरच्या दालनात होती. दार उघडलं दातांच्या डॉक्टरांनी. त्यांनी एकदा मिस्त्रींकडे पाहिलं, एकदा हातातल्या पातेल्याकडे, आणि मागे वळून घारीला विचारलं, हे कोण? ती हातात कागद घेऊन धावपळीत होती.

"आईच्या जागी आलेत," ती म्हणाली आणि निघून गेली.

आईच्या जागी. बदली कामगार! मिस्त्रींनी तो घोट गिळला आणि पातेलं ठेवायला जागा शोधू लागले. टेबलावर पदार्थांची ही गर्दी. त्यातून रस्सा गरम ठेवायला शेगडी लागणार, तिला प्लग लागणार, आणि टेबलापासून प्लग कोसभर लांब. मधून वायर ओढली असती, पण जन्मभर लोकांना वायर पायात टाकू नका म्हणून ओरडलेला माणूस स्वतः कसा टाकेल? शेवटी खांबामागच्या कोनाड्यात प्लग मिळाला. तिथे पिशवीतून आणलेली विजेची शेगडी ठेवली, वर पातेलं, वर झाकण. शेजारी डाव ठेवला आणि आपण दोन पावलं लांब, भिंतीला टेकून उभे राहिले.

थोड्या वेळाने मंडळाच्या अध्यक्षा आल्या. या पोस्टातल्या बाई, गावातली एकूण एक गल्ली पायाखाली घातलेल्या. बाईंनी आजूबाजूला पाहिलं, हळूच झाकण उचललं, डाव घालून जरासं ढवळून पाहिलं, झाकण होतं तसं ठेवलं आणि मख्ख चेहऱ्याने चालत्या झाल्या. पानात थेंबसुद्धा घेतला नाही. मग डॉक्टर आले. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले, आणि त्यांनीही झाकण लावून टाकलं. मग एक नवरा-बायको आले. तिने झाकण धरलं, त्याने आत डोकावलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि झाकण ठेवून, काही घडलंच नाही अशा थाटात दोघं केक खायला गेली. पोस्टातल्या बाई तर पुन्हा आल्या आणि झाकण उघडून, पातेलं तिरकं करून खालून बघून गेल्या.

मीठ जास्त झालं की काय, म्हणून मिस्त्रींनी घोटभर चाखून पाहिला. रस्सा फर्मास होता. म्हणजे खोट रस्स्यात नव्हती, खोट माणसात होती. घारीने यांना काय काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. अपमान झालेल्या माणसाला सगळीकडे अपमानच दिसतो. तिकडे दालनभर आरडाओरडा चालला होता, कुणाला कुंडीत भेट सापडत होती, कुणाला घड्याळामागे, पण मिस्त्रींचं कशातच लक्ष नव्हतं. आपण ना घरचे ना दारचे, असं त्यांना वाटलं. डोळ्यांत पाणी येतंय असं जाणवताच त्यांनी ठरवलं की आता निघायचं. बटण रात्री टेबलावर ठेवून देऊ, मुलगी घेईल तर घेईल.

त्यांनी प्लग काढला, पातेल्याला फडकं गुंडाळलं, तेवढ्यात समोर घार. धापा टाकत होती.

"कुठे नेताय?"

वर्षभरात पहिल्यांदा ती सरळ त्यांच्याशी बोलली होती.

"घरी," मिस्त्री म्हणाले. "कुणी खात नाहीये. राहू दे."

"खाणार कसं? त्यात माझी भेट आहे ना?"

"भेट? अगं, रस्सा आहे यात."

"आणि तळाशी?"

"तळाशीही रस्साच आहे."

घारीने कपाळावर हात मारला. मिस्त्री उशिरा आले, तेव्हा खेळाचे नियम सांगून झाले होते, आणि ते त्यांना सांगायचे तिच्याच डोक्यातून गेले होते. या मंडळात भेटी हातात देत नाहीत, दालनात लपवतात. आणि शोधताना दुसऱ्याची सापडली, तर ती होती तशी झाकून ठेवायची, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आता खांबामागे, कोनाड्यात, एकटं ठेवलेलं पातेलं या लोकांना जेवण वाटेल? छे! रस्स्याखाली भेट दडवलीय, वर आपलं नाव नाही म्हणजे दुसऱ्याची, पण काय डोकं चाललंय, म्हणून जो तो मनातल्या मनात वाहवा करून झाकण लावत होता. सगळ्यांच्या भेटी सापडल्या, घारीची तेवढी राहिली, तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली.

हे कळलं तेव्हा दालनात जे हसू फुटलं ते आवरेना. पोस्टातल्या बाई म्हणाल्या की त्यांनी जीव मुठीत धरून दोनदा झाकण लावलंय, तिसऱ्यांदा हातून पाप घडलं असतं. डॉक्टर ताटली घेऊन केव्हाच पुढे उभे होते. मागून कुणीतरी विचारलं, पण हा रस्सा आणला कुणी?

"आमच्या घरचा आहे," घार म्हणाली, आणि तिने डाव हातात घेतला.

मिस्त्री अजून पातेलं हातात धरूनच उभे होते. तिनेच ते काढून घेतलं, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः बटाटा तोंडात टाकून चटका बसला म्हणून नाचली. मग तिला आठवण झाली. "माझी भेट?"

मिस्त्रींनी खिशात हात घातला. ती ओरडली, हातात द्यायची नाही, लपवायची, नियम म्हणजे नियम. भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली आणि सगळ्यांनाही तिने उभं केलं. मिस्त्रींनी इकडे तिकडे पाहिलं. मग दाराजवळ जाऊन एक हलकासा टक् आवाज केला आणि परत आले.

घारीने दालन पालथं घातलं. खुर्च्या उलट्या केल्या, पुस्तकांमागे हात घातले, मिस्त्रींची पिशवीसुद्धा झाडली. दारावरून तर तीनदा गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं की घार कधी कुणाकडे मदत मागत नाही, हट्टाने तासन्‌तास शोधते. म्हणून ती कमरेवर हात ठेवून मधोमध थांबली तेव्हा सगळ्यांनी ताटल्या खाली ठेवल्या.

"काका," ती म्हणाली, "एक खूण द्या."

मिस्त्री पाठ फिरवून पातेल्याच्या फडक्याची घडी घालू लागले. लोकांना वाटलं, माणूस भलताच कडक दिसतोय.

"काका, मी हरले म्हणतेय. द्या ना."

"दाराजवळची बटणं मोज," मिस्त्री कसेबसे म्हणाले.

दाराशी दिव्यांच्या बटणांची पत्र्याची पेटी होती. सगळी बटणं पांढरी, आणि शेवटी एक पितळी. घारीने ते फिरवलं, नळी बाहेर आली, आणि ती जी किंचाळली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. ते बटण मग हातोहात दालनभर फिरलं, पण तिने प्रत्येकाकडून ते लगेच परत मागून घेतलं.

घरी निघताना रिकामं पातेलं तिने उचललं होतं. जिन्यात आईचा फोन आला. रस्सा खाल्ला का गं कुणी, तिने विचारलं. आवाजात काळजी होती.

"संपला. तुझ्यापुरताही उरला नाही," घार म्हणाली. "पण काका म्हणतायत, उद्या परत करतील."

मिस्त्री तसं काही म्हणाले नव्हते. पण वाटेत भाजीचं दुकान उघडं असेल का, याचा विचार करत ते भराभर जिना उतरू लागले.