रेल्वेच्या खडीची गौर

मित्रांनो, मला कुणी खणलं ते मला सांगता येणार नाही. पण का खणलं, ते पक्कं ठाऊक आहे. उमेळ्याजवळून आगगाडीची वाट जायची होती. जमीन सखल, उधाणाला खाडीचं पाणी आत शिरायचं. रूळ उंचावर हवे होते, म्हणून इथली माती उपसून तिथे भराव घातला. माती तिकडे गेली आणि इथे खड्डा उरला. पावसानं तो भरला, तळाशी गोड्या पाण्याचे झरे लागले, आणि गावानं माझं नाव ठेवलं बावखल. वाड्यांना पाणी देणाऱ्या तळ्याला वसईकडे असंच म्हणतात.

म्हणजे रेल्वे आणि मी जवळजवळ एका वयाचे. ती उंचावर, मी तिच्या पायथ्याशी. गाडी धडधडत गेली की भरावावरची एखादी काळी खडी घरंगळत माझ्या काठाला यायची.

माझ्यावर रहाट बसवला होता. बैल फिरायचा, पोहरे भरून वर यायचे आणि पाणी पाटानं केळीच्या, मोगऱ्याच्या, पानवेलींच्या मुळाशी जायचं. फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या पहिल्या गाडीनं मुंबईला निघायच्या. गावातली पोरं केळीच्या खांबांना धरून माझ्यातच पोहायला शिकली. तेव्हा लोक म्हणायचे, या बावखलाचं पाणी आटत नाही. ते ऐकायला मला फार आवडायचं.

ज्या गाडीनं टोपल्या जायच्या, त्याच गाडीनं पुढे माणसं येऊ लागली. आधी रविवारी, मुलांना कडेवर घेऊन, हातात इमारतींचे नकाशे घेऊन. मग सामानाच्या टेम्पोंसह. कुणी कोकणातले, कुणी देशावरचे, कुणी मुंबईच्या एका खोलीतून सुटलेले. केळी तुटली, इमारती उभ्या राहिल्या. माझे मालक जयराम यांनी अर्धी वाडी विकली, उरलेल्या वाडीत बोअर मारली. बैल गेला, रहाटाचं लोखंड भंगारात गेलं.

नव्या लोकांना माझं नाव माहीत नव्हतं. ते मला डबकं म्हणत. खिडकीतून कचऱ्याच्या पिशव्या येऊ लागल्या. माझ्यावर जलपर्णी पसरली, डास झाले, तक्रारी झाल्या. मी त्यांना दोष देत नाही. ते घर शोधत आले होते, आणि त्यांच्या नळाला कधी पाणी येई, कधी येत नसे.

शेवटी जयराम कंटाळले. मला बुजवायचं ठरलं. एका कडेला राडारोड्याचे डंपर रिकामे होऊ लागले. माझा एकेक झरा मुका होत गेला. उरलेले डंपर दुसऱ्या दिवशी यायचे होते.

साल शहाण्णव असावं. गौरी यायचा दिवस होता. समोरच्या इमारतीत आत्माराम आणि यमुना हे कोकणातलं जोडपं राहायचं. पाणवठ्यावरून पाच खडे आणून त्यांची गौर म्हणून पूजा करायची, ही त्यांची रीत. आणणारीनं तोंडात पाणी धरायचं, वाटेत बोलायचं नाही. पण इमारतीत पाणवठा कुठला? यमुनाबाई आजवर जिन्याखालच्या नळालाच पाणवठा मानत आल्या होत्या. त्या दिवशी नळ कोरडा होता. म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मागे त्यांची लहानगी उन्नती घंटा वाजवत होती.

जयरामांची बायको हंसा काठावर अळू कापत होती. अनोळखी बाई पाण्याशी उतरून खडे उचलताना बघून तिनं हाक मारली, "ओ बाय, कुनाला विचारून उतरलीस?"

यमुनाबाई गप्प.

"आमी गाववाली म्हनून बोलाचं नाय काय? एवरा गर्व?"

यमुनाबाईंचे गाल फुगलेले. त्यांनी नुसती मान हलवली. हंसा आणखीच चिडली.

"आईच्या तोंडात पाणी आहे!" उन्नती ओरडली. "आम्ही गौर नेतोय!"

"मंग आधी नाय सांगाचं?"

"ती कशी सांगणार? तोंडात पाणी आहे ना!"

हंसा हसायला लागली. मग तिचं लक्ष यमुनाबाईंच्या ताम्हनातल्या खड्यांकडे गेलं. "अगो, ही तर रेल्वेची खडी! थांब, मी गुळगुळीत देते." यमुनाबाईंनी ताम्हन छातीशी धरलं आणि डोळ्यांनीच नाही म्हटलं. उचललेली गौर परत ठेवत नाहीत.

संध्याकाळी हंसा नवऱ्याला माझ्या काठाशी घेऊन आली. "उद्याचं डंपर थांबवा."

"आता कोन पानी नेतो इथून?" जयराम म्हणाले.

"गौर नेली. तिसऱ्या दिवशी विसर्जनाला येनार ती. कुठं करील, तुमच्या ढिगाऱ्यावर?"

जयरामांनी कपाळाला हात लावला. "बरा. गौर जाऊ दे, मंग बुजवू."

तिसऱ्या दिवशी मी वाट पाहत होतो. यमुनाबाई आल्याच, पण मागून आपापल्या गौरींची ताम्हनं, तेरड्याच्या जुड्या आणि नटलेल्या पोरी घेऊन अख्खी इमारत उतरली. पाय ठेवायला नीट जागा नव्हती, म्हणून आत्माराम आणि शेजाऱ्यांनी हातानं राडारोडा बाजूला केला. जयराम घरात गेले आणि फावडं घेऊन आले. डंपर पुन्हा बोलावले गेले नाहीत. पुढल्या उन्हाळ्यात गावानं आणि इमारतीनं मिळून माझा गाळ उपसला.

बऱ्याच वर्षांनी यमुनाबाई गेल्या. पहिलं वर्ष, म्हणून त्यांच्याकडे गौर नव्हती. तरी त्या दिवशी उन्नती येऊन पायरीवर बसली. तोवर ती नोकरीला लागली होती. हंसा तिच्याशेजारी बसून अळू कापत राहिली. उठताना तिनं एक जुडी उन्नतीच्या मांडीवर ठेवली. "फदफदं कर. तुज्या आयशीला आवडाचं."

पुढच्या भाद्रपदात उन्नती ताम्हन घेऊन आली.

मित्रांनो, तुमच्या इमारतीमागेही असं पाणी असेल. पिशवी भिरकावण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा. आणि पाऊस लागायच्या आधी घमेलं घेऊन गाळ काढायला या. कपडे चिखलानं भरतील, घरी ओरडा बसेल. तेवढा आमच्यासाठी खाऊन घ्या.