सगळ्याला सात

अरेतीने सगळ्यांना आदल्या दिवशीच स्वयंपाकघरात बसवून पढवून ठेवलं होतं.

"ती पोरगी फोनवर काहीही विचारू दे, उत्तर एकच. सात. सात म्हणजे सगळ्यात उत्तम, एक म्हणजे सगळ्यात वाईट. सातच्या खाली कुणी उतरायचं नाही."

"आणि जेवणाचं विचारलं तर?" लाझारोसने विचारलं.

"सात."

"मालामोच्या मसुरांना सात? देव बघतोय हो, अरेती."

"बघू दे. देव फाइलमध्ये लिहून ठेवत नाही."

झोई खुर्चीच्या कडेवर बसून नखं कुरतडत होती. ती तिघांत धाकटी, चाळिशीची. "मला मध्येच रडू आलं तर?"

"तर फोन लांब धर, नाक पूस, आणि सात म्हण."

ग्रीसमधल्या कावाला गावात, बंदरावरच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर या तिघांचं घर होतं. घर संस्थेचं. मोठ्या इस्पितळाच्या वेड्यांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं पडलेल्या माणसांना बाहेर काढून संस्थेने अशी घरं दिली होती. मालामो नावाची बाई दिवसभर देखरेखीला आणि स्वयंपाकाला असे. संस्थेला आता जाणून घ्यायचं होतं, की या साथीच्या दिवसांत आपल्या माणसांचं जगणं कसं चाललंय. त्यासाठी इस्मिनी नावाची मुलगी घराघरांत फोन करून प्रश्न विचारणार होती.

आता अरेतीने हा उपद्व्याप का करावा? तर एकोणीस वर्षं त्या वॉर्डात काढून ती एकच विद्या शिकली होती. दर गुरुवारी डॉक्टर फेरीला येत आणि विचारत, "कशी आहेस?" दुसऱ्याच वर्षी तिने एकदा खरं सांगितलं होतं. घरची आठवण येते, संध्याकाळी रडू येतं. त्या आठवड्यात गोळ्या अशा वाढल्या की सुपाचा चमचा तोंडापर्यंत पोचेना, निम्मं सूप छातीवर. पुढच्या गुरुवारपासून तिचं उत्तर ठरून गेलं. "छान, डॉक्टर." नव्याने येणाऱ्या प्रत्येक बाईला तिने हेच शिकवलं, आणि पुष्कळ जणींचे चमचे वाचवले. त्याचा तिला अभिमानच होता.

फोन आला. तिघांनीही सात-सात म्हणून कामगिरी फत्ते केली. लाझारोस तर 'मित्र किती भेटतात' यालाही सात म्हणाला. आठ महिन्यांत त्याला जिना चढून येणाऱ्या मांजराखेरीज कुणी भेटलं नव्हतं.

कारण दार बंद होतं. मार्चमध्ये साथ आली तेव्हा सगळा देशच घरात बसला, त्याचं काही नाही. पण मे महिन्यात सगळे सुटले, समुद्रावर गेले, आणि या घराचं कुलूप मात्र तसंच राहिलं. नाजूक माणसं, म्हणे. संस्थेच्या दुसऱ्या एका घरात एक म्हातारा दगावला होता, त्यामुळे सगळे घाबरलेले. मरणाची भीती अरेतीलाही होती, ती काही मूर्ख नव्हती. आता नोव्हेंबरात पुन्हा टाळेबंदी लागली, तरी गावातला कुणीही माणूस फोनवरून सरकारला सहा नंबरचा निरोप पाठवून पाय मोकळे करायला निघत होता. दोन नंबर पाठवला की दुकान. फक्त या तिघांना तेवढीही मुभा नव्हती.

"आख्खा ग्रीस आता विचारून बाहेर पडतो," लाझारोस म्हणायचा. "आपला सराव एवढा दांडगा, आणि आपल्यालाच संघात घेत नाहीत."

तो हसायचा, अरेतीला हसू येत नसे. इस्पितळातून सुटल्यावर तिच्या पदरात एकच गोष्ट पडली होती जी तिची एकटीची होती. रोज सकाळी साडेसातला उतरणीवरून खाली बेकरीत जायचं, घरासाठी चार गरम कुलुरी, म्हणजे तीळ लावलेली पावाची कडी, घ्यायची, बेकरीवाल्या ओल्गाबाईशी दोन शब्द बोलायचे आणि धक्क्यावर उभं राहून थासोस बेटाची बोट सुटताना बघायची. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत ती कुणाची रुग्ण नसे. आता कुलुरी मालामो पिशवीतून आणायची, थंड.

फोननंतर पंधरा दिवसांनी मालामो आली ती केक घेऊनच. दोन मास्कच्या आडूनही तिचा आनंद लपत नव्हता.

"अभिनंदन! सगळ्या घरांत आपलं घर पहिलं! एवढे समाधानी लोक कुठेच नाहीत म्हणाले." तिने पत्र काढून वाचलं. "'रहिवाशांना सध्याची व्यवस्था मानवली असल्याचे दिसते. बाहेर जाण्याची गरज त्यांना जाणवत नाही. म्हणून हीच व्यवस्था ईस्टरपर्यंत पुढे चालू ठेवावी.'"

कुणीच केकला हात लावला नाही. झोई उठून खोलीत गेली, आणि आतून तिचं रडणं ऐकू यायला लागलं.

लाझारोसने सिगारेट चुरगाळली. "वा गं मास्तरीणबाई. तुझ्या सातांनी आपलंच दार लावून घेतलं."

वॉर्डात ज्या खोट्याने ती वाचली होती, त्याच खोट्याने तिने इथे तिघांना कोंडलं होतं. झोईला रडू दाबायला तिनेच शिकवलं होतं. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली आणि त्या लाजेतूनच संताप आला.

"मालामो, त्या मुलीचा नंबर दे."

"कशाला, कीरिया अरेती?" बाईमाणसाला तिथे आदराने कीरिया म्हणत.

"उत्तरं बदलायचीत."

मालामो खुर्चीत बसली. "हे बघा, मी तुमच्या भल्याचं सांगते. आधी सगळं उत्तम आणि आता सगळं वाईट, असं झालं तर वरचे काय म्हणतील? तब्येत बिघडली म्हणतील. डॉक्टर तुमची फाइल काढतील. कदाचित महिनाभर इस्पितळात नेऊन ठेवतील. आणि माझ्या घरीही म्हातारी आई आहे हो, तुम्ही बाहेरून काही आणलंत तर..."

"तुझ्या आईसाठी मी तीन मास्क लावीन. नंबर दे."

इस्मिनीने फोन घेतला. अरेतीने कुठलीही प्रस्तावना केली नाही.

"मी खोटं बोलले. बाकीच्या दोघांनाही मीच शिकवलं होतं. माझे प्रश्न परत विचार."

इस्मिनी हळूच म्हणाली, "कीरिया अरेती, मी विचारीन. पण आधीच सांगते, आकडे फार खाली आले तर तो कागद मला संस्थेच्या डॉक्टर स्तेर्यूंकडे पाठवावाच लागतो. चालेल ना?"

वॉर्डातली गुरुवारची सकाळ अरेतीला जशीच्या तशी आठवली, छातीवरचं गार सूपसुद्धा. लाझारोसने टेबलावरच्या तिच्या हातावर आपला जाडजूड पंजा ठेवला.

"चालेल. विचार."

"तुमच्या एकूण आयुष्याबद्दल?"

"दोन."

"बाहेर जाणं?"

"एक. याच्याखाली काही आहे का?"

"नाही."

"मग एक."

"जेवण?"

तिने मालामोकडे पाहिलं. "चार," ती म्हणाली. मालामोने मान खाली घातली, पण रागावली नाही.

झोई दारात येऊन उभी होती. अरेतीचं संपल्यावर तिने फोनसाठी हात पुढे केला.

चौथ्या दिवशी डॉक्टर स्तेर्यूंचा फोन आला. अरेतीने तो उभ्यानेच घेतला.

"कशी आहेस, अरेती?"

तोच प्रश्न. 'छान, डॉक्टर' हे शब्द सवयीने तिच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले.

"वाईट आहे. रोज संध्याकाळी रडू येतं. पण मी आजारी पडलेली नाही, डॉक्टर. मला कोंडलंय. दोन्हीत फरक आहे, आणि मला तो चांगला कळतो. एकोणीस वर्षं दोन्ही भोगलंय. गोळी वाढवू नका. दार उघडा."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"किती वेळ लागतो तुला?"

"चाळीस मिनिटं."

"मास्क लावून. एका वेळी एकानेच. गर्दीत थांबायचं नाही."

"आणि गोळी?"

"गोळी आहे तेवढीच राहील."

सोमवारी सकाळी साडेसातला मालामोने झग्याच्या खिशातून किल्ली काढली. लाझारोसने आपल्या फोनवरून अरेतीच्या नावाने निरोप टाईप करून दिला. खणकन उत्तर आलं: 'हालचाल २, अरेती कराफिली.' तिने ते दोनदा वाचलं. आजवर तिचं पूर्ण नाव सरकारी कागदावर आलं ते तिला आत ठेवायला. झोईने तिच्या नाकावरचा मास्क नीट केला आणि म्हणाली, "उद्या माझी पाळी."

उतरणीवर तिला दोनदा भिंत धरावी लागली. बेकरीच्या दारात ओव्हनची ऊब बाहेर येत होती. ओल्गाबाईने काचेमागून तिला ओळखलं आणि चिमटा तसाच हातात धरून ओरडली, "अगं बाई! कीरिया अरेती! होतात कुठे इतके दिवस? कशा आहात?"

अरेतीने मास्कच्या आत श्वास घेतला.

"फार वाईट गेले दिवस, ओल्गा," ती म्हणाली. "चार दे. गरम."