सैल सोडलेली पट्टी

वाटी फरशीवर पडून गरागरा फिरत राहिली. जेवताना घरात कुणी बोलतच नव्हतं, म्हणून तो आवाज फार मोठा वाटला. माझ्या नवऱ्याने, सुनीलने, सवयीने उजव्या हाताने वाटी उचलली होती. त्या हाताला आता अंगठा आणि करंगळीच आहे. मी पुन्हा आमटी वाढली. पाच वर्षांची श्रेया फडकं घेऊन आली, फरशी पुसून गेली. त्याला काही विचारायचं नाही, हे मी शिकले तसं लेकही शिकली.

खंडेनवमीला लाकूड कापायच्या मशीनची पूजा झाली. सासूबाईंनी लाल दोरा आधी मशीनला बांधला, मग लेकाच्या मनगटाला. दसरा झाला, सुनील कामाला लागला, आणि मशीनच्या फिरत्या दातेरी पट्टीने तो दोरा ओढून घेतला. दोऱ्यामागून हात गेला.

तेव्हापासून महाळुंगे पडवळच्या आमच्या शेडमध्ये दोन्ही मशिनी गप्प आहेत. एक मोठी बँडसॉ, जाड फळ्या कापायची. दुसरी छोटी, केसाएवढ्या पात्याची, देवघरांच्या जाळ्या कोरायची. मोठी विकायची ठरली. छोटी राहील, असं मी मनाशी धरून होते. बसून, सावकाश, डाव्या हाताने का होईना, काहीतरी करील.

जेवणं आटोपली तोच आणे गावाहून भरतभाऊ मशीन विकत न्यायला टेम्पो घेऊन आले. त्यांनी मोठीचं दार उघडलं, चाक हाताने फिरवलं, चाकावरचं रबर नखाने दाबून पाहिलं.

"पट्टी सैल सोडलीया! रबराला खळगा न्हाई. बंद मशीनची एवढी निगा कोण ठेवतं, राव?"

सुनीलने माझ्याकडे पाहिलं. काम संपलं की पट्टीचा ताण उतरवायचा, नाहीतर रबर दबतं, पट्टी तडकते, हे त्यानेच मला शिकवलं होतं.

"तू केलंस? कधी?"

"दवाखान्यातून आले तेव्हा. पट्टी पुसली आणि ताण उतरवला. तुम्हाला पुन्हा चालवायला लागेल म्हणून."

"येडी," तो हळूच म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाला होता तसंच.

"चालवून दाखवा की," भरतभाऊ म्हणाले.

सुनीलचा उजवा हात पट्टीचा ताण आवळायच्या मुठीकडे गेला. अंगठा-करंगळीत मूठ धरेना. भरतभाऊ उगाच टेम्पोकडे बघू लागले. मग मीच मूठ फिरवली, पट्टी बोटाने छेडली.

"अजून थोडी," सुनील म्हणाला. "आवाज भरीव आला पायजे. हां, बास."

भरतभाऊंनी बटणाकडे हात नेला. त्यांच्या मनगटाला जत्रेतला दोरा होता. सुनीलने डाव्या हाताने त्यांचं मनगट घट्ट पकडलं.

"पावणं, आधी ह्यो दोरा काढा."

भरतभाऊ दोरा सोडू लागले.

मशीन सुरू झाली तशी श्रेया धावत आली. "पप्पा, चालू झाली! चालू झाली!" तिला वाटलं, सगळं पहिल्यासारखं झालं. भरतभाऊंनी बटण बंद केलं.

"आन् ह्या छोटीचं काय?"

"ती नाही द्यायची," मी म्हटलं.

"न्या तीबी," सुनील म्हणाला.

"अहो!"

"भोकातून पातं ओवायचं, चिमटीत धरून आवळायचं. चिमूट कुठंय माझ्याकडं? ती हितं दिसली की तू अशीच वाट बघत बसशील."

तो घरात निघून गेला. भरतभाऊंनी मान खाली घालून दोन्ही मशिनी चढवल्या. टेम्पो वळणाआड गेला तरी श्रेया माझा पदर धरून उभीच होती.

"आई, शाळेत बाई विचारतात, पप्पा काय करतात? मी सांगायचे, देवघरं करतात. आता काय सांगू?"