उतारावर पडलेली चौकट

मित्रांनो, चौकट म्हटलं की तुम्हाला दार आठवेल. मी तसली नव्हे. मी गवत मोजायची जुनी लोखंडी चौकट आहे. लोहाराने चार सळ्या जोडून मला घडवलं. चारही बाजू बरोबर एक मीटर. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण मीटर म्हणजे किती, हे मला कुणी शिकवू नये.

माझ्या मालकीणबाई संशोधक. गावामागच्या कुंपण घातलेल्या उतारावर त्या पाठमोऱ्या उभ्या राहून मला खांद्यावरून भिरकावायच्या आणि पडेन तिथं गुडघे टेकून माझ्या पोटातलं गवत मोजायच्या. हाताने ठेवायचं म्हटलं की माणूस चांगलीच जागा निवडतो, म्हणून ही तऱ्हा. एकेका फेकीत अकरा जातींचं गवत मी दाखवलंय. त्याची मुळं पावसाचं पाणी धरून ठेवायची, म्हणून कोरड्या सालीही खालचा झरा वाहायचा. तेव्हा बाई मला न चुकता तेल लावायच्या. स्वतःच्या केसांना विसरायच्या.

मग उपग्रहाची चित्रं आली. मी कार्यालयाच्या दारामागच्या खिळ्यावर गेले. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या अडकवू लागले. चित्रात उतार हिरवागार दिसला, आणि नुकत्याच सरलेल्या दुष्काळातून तो सावरला असा अहवाल बाईंनी लिहिला. कार्यालयातल्या साहेबांनी लगेच कुंपण काढून गुरं सोडायचं ठरवलं.

उताराची राखण करणारी मावशी तडक कार्यालयात आली. ते हिरवं सगळं तण आहे, गुरं त्याला तोंड लावणार नाहीत, उरलंसुरलं गवत तेवढं फस्त करतील आणि झरा आटेल, असं तिनं सुनावलं. वर म्हणाली, “बाई, दुरून डोंगर साजरे. एकदा येऊन तर बघा.”

बाईंनी मला खाली उतरवलं. पहिलीच फेक काटेरी तणात गेली. बाईंनी इकडंतिकडं बघून मला हळूच शेजारच्या मऊ गवतावर सरकवलं. खरं सांगते, मलाच लाज वाटली.

मावशीनं कमरेवर हात ठेवले. “सोयीनं ठेवायची होती, तर दारामागं काय वाईट होती? पडली तिथलंच मोजा.”

बाई ओशाळल्या आणि त्यांनी काट्यात हात घातला. वीस ठिकाणी मोजलं. अठरा ठिकाणी एकच तण. दोन ठिकाणी जुन्या गवताचे थोडे कोंब. दुसऱ्या दिवशी बाई साहेबांना म्हणाल्या, “चित्र खरं आहे, साहेब. मी ते चुकीचं वाचलं.”

कुंपण राहिलं. दोघींनी माणसं लावून तण उपटायला घेतलं. काल माझ्या पोटात पाच जाती निघाल्या. बाईंनी दोनदा मोजल्या. मावशीनं तिसऱ्यांदा, कारण तिचा कुणावरच भरवसा नाही.

मित्रांनो, उपग्रहाशी माझं वैर नाही. कुठं बघायचं, ते तो बिचारा आभाळातून दाखवतो. पण जमिनीची खुशाली विचारायला तिच्यापाशी जाऊन वाकावं लागतं. वाकल्यानं कुणाचा मान कमी होत नाही.