दोन बोटांची फट

मी रबराचा तुकडा बोलतोय. वणीच्या एका घरात, भिंतीखाली दबून आहे.

आधी मी खाणीतला पट्टा होतो. जन्मभर कोळसा वाहिला. झिजल्यावर भंगारात पडलो. तिथून मला फुलसिंगांनी उचललं. तीस वर्षं त्यांनी खाणीत पट्टे चालवले होते, शेवटचा मी.

त्यांचं घर रेल्वेलाइनला लागून. कोळशाची मालगाडी आली की हादरा जमिनीतून पायात, पायातून भिंतीत आणि तिथून खाटेत चढायचा. खाटेवर त्यांची बायको बसंतीबाई. कमरेचं हाड मोडलेलं. गाडी जाईपर्यंत त्या पदर दातांत धरून राहायच्या.

फुलसिंगांनी शेजारी त्यांच्यासाठी नवी खोली काढली. देवीलाल मिस्त्रीनं पट्टा कापून त्याचे तुकडे केले, पायाच्या बीमवर आमच्या चळती रचल्या आणि खोलीचं सगळं वजन आमच्यावर दिलं. जुन्या भिंतीपासून खोली दोन बोटं सुटी ठेवली.

"भाऊ, हे फट बुजवू नोका. भिंतीले भिंत टेकली का हादरा तिकडून येते."

पहिली गाडी आली. मी हादरा पोटात घेतला. खोलीत बसंतीबाईंच्या उशाशी पेला होता, त्यातलं पाणी हललं नाही.

"अजी, गाडी नाही आली का आज?"

"गेली न! अठ्ठावन डब्याची!"

बसंतीबाई हसल्या. त्या दुपारी त्यांना झोप लागली.

मग दिवाळी आली. रंगाआधी घरातली भेग न् भेग बुजवायची, ही इकडची रीत. बसंतीबाईंची नणंद लालीबाई म्हणाली, "भाऊ, नवी खोली अन् भिंत फाटलेली? पाहुणे हासतीन."

एवढ्यानं काय होतं, असं फुलसिंगांना वाटलं. त्यांनी स्वतः सिमेंट कालवून फट गच्च भरली. वरून गुलाबी रंग दिला.

गाडी आली. हादरा जुन्या भिंतीत चढला आणि मला टाळून सिमेंटातून थेट खोलीत गेला.

"काव, हालते का?" त्यांनी विचारलं.

बसंतीबाईंनी त्यांच्या सिमेंटनं सोललेल्या बोटांकडे पाहिलं. "नाही जी. मस्त झालं."

त्या दिवसापासून पेल्यात पाणी आलं की त्या लगेच पिऊन टाकायच्या.

संक्रांतीनंतर त्या गेल्या. भेटायला आलेल्या देवीलालनं भिंतीवर हात ठेवला. "हे कोनं भरलं, भाऊ?"

 फुलसिंगांनी पेला भरून रिकाम्या खाटेशी ठेवला. गाडी आली. पाणी थरथरलं.

दुसऱ्या दिवसापासून ते छिन्नी घेऊन बसले. महिनाभर रोज थोडं थोडं सिमेंट काढलं.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच. आपलं माणूस 'काही होत नाही' म्हणालं, तर त्याच्या उशाशी थोडं थांबून पाहा.

आता फट मोकळी आहे. गाडी जाते, पाणी हलत नाही. फुलसिंग तरी खाटेकडे पाहून विचारतात, "काव, हालते का?"