कापूस भिजेपर्यंत

वेपचं, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटचं, दुकान चालवणाऱ्या बाईकडे लोक दोनच कारणांनी येतात. एक तर लिक्विड संपलेलं असतं, नाहीतर तोंडात जळकी चव आलेली असते. दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक माझ्या डोक्यात जातं. चूक बहुतेक वेळा त्यांचीच असते, आणि चेहरा असा करून येतात की जणू मीच त्यांच्या घरी जाऊन कॉइल जाळून आले. वर परत आवाज चढवतात. मीही चढवते. आमच्या वायरोआ गावात माझ्या दुकानाइतकं भांडण दुसऱ्या कुठल्या दुकानात होत नसेल.

पाओरा आला तोही असाच, तोंड पाडून. पाओरा म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, विकीचा नवरा. उभा जन्म मांसाच्या कारखान्यात सुरी चालवण्यात गेलेला माणूस. हात फावड्याएवढे, आणि त्या हातात ते इवलंसं वेप. विकीला पुरून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

"काहू, हे जळतंय," तो म्हणाला.

"बघते. आधी बस. चहा टाकू?"

"नको. चहालाही तीच चव लागते."

मी वेपची टाकी उघडून कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी कापूस भरलेली तार, काढली. आतला कापूस तव्याला चिकटलेल्या कांद्यासारखा काळा झाला होता. टाकीत लिक्विडचा टिपूस नाही.

"अरे, कोरडी ओढत होतास की काय? कॉइल शेवटची कधी बदललीस?"

"मला काय माहीत. ते विकी बघायची."

मला कपाळाला हात लावावासा वाटला, पण लावला नाही. कारण ते खरं होतं. रविवारी चर्चमधून आलं की विकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, नाकावर चष्मा चढवायची आणि नवऱ्याची कॉइल बदलायची. हा पठ्ठ्या आरामखुर्चीत टीव्हीवर रग्बी बघत असायचा. आणि एवढं करूनही त्याने रिकामी टाकी ओढली, की तिला भांडी घासतानासुद्धा वास यायचा. तिथूनच ओरडायची, "पाओरा, कोरडं ओढतोयस. ठेव ते खाली." नदीपलीकडच्या लोकांना ऐकू जायचं.

हे सगळं ती हौसेने करत नव्हती. पाओराने पोरवयापासून विड्या वळून ओढल्या होत्या. फुप्फुसांची पार वाट लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळंच सोड, आणि नाहीच जमलं तर निदान धुराकडे परत जाऊ नकोस, आणि जळका कापूस तर छातीत अजिबात घेऊ नकोस, आता तेवढं सोसायची ताकद उरलेली नाही. विकीने ते कानात साठवून ठेवलं. त्याने नाही.

मग मी त्याला शिकवायला बसले. "हे बघ. नवीन कॉइल कोरडी असते. बाजूच्या या भोकांतून कापसावर थेंब थेंब लिक्विड सोडायचं. सगळीकडून. मग टाकी भरायची, आणि मग काय करायचं?"

"ओढायचं."

"थांबायचं. कापूस आतपर्यंत भिजायला वेळ लागतो. चहा करून पिऊन होईपर्यंत हात नाही लावायचा. घाई केलीस की आतला कोरडा भाग पहिल्याच झुरक्याला करपणार. आणि एकदा करपला की धुऊन-बिऊन काही होत नाही, फेकून द्यायचा. ताकद कमी ठेवायची. एकामागून एक झुरके मारायचे नाहीत, मध्ये कापसाला दम खाऊ द्यायचा. टाकी तळाला जायच्या आत भरायची. आणि ते फेजोआच्या फळाच्या चवीचं गोडमिट्ट लिक्विड बंद. साखरेचा पाक झाल्यासारखं चिकटून बसतं ते कॉइलवर."

"फेजोआचं विकी आणायची."

"मला माहितीये कोण आणायचं. माझ्याच दुकानातून न्यायची."

तो हसला नाही. शाळेतल्या पोरासारखं सगळं नीट करून दाखवलं आणि गेला. मला बरं वाटलं. विकीसाठी काहीतरी केलं असं वाटलं.

आठवड्याने परत आला. तोंड राखेसारखं झालेलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत दाराशी उभा राहिला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "काहू, हे होतं तसं कर."

"का? चव बिघडली परत?"

"चव छान आहे. तीच तर भानगड आहे."

आणि त्याने सांगितलं. विकी गेल्यावरही ती ओरडत होती. टाकी संपली, तोंडात जळकं आलं, की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा. कोरडं ओढतोयस, ठेव ते खाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो घाबरला, म्हणून तर दुकानात धावत आला होता. आता कॉइल स्वच्छ होती, चव स्वच्छ होती, आणि घरात कोणी काही बोलत नव्हतं.

 माझं तोंड असं आहे की भीती वाटली की आधी शिवी येते. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाई गेली तुझी, पाओरा. मी स्वतः तिच्यावर माती टाकलीये. मेलेलं मागे येऊ नये म्हणून कबरस्तानाच्या फाटकाशी पाण्याने हात धुतलेत."

"मीही धुतले," तो म्हणाला. आणि कॉइलचं एक पाकीट घेऊन गेला.

मग पाकिटांवर पाकिटं जायला लागली. एक कॉइल नीट वापरली तर कितीतरी दिवस जाते. हा चार दिवसांत पाकीट संपवून यायचा. तो मुद्दाम कोरडी जाळत होता हे कळायला फार अक्कल लागत नाही. दर वेळी आवाज जास्त बसलेला, दर वेळी दारातून काउंटरपर्यंत येताना जास्त धाप लागलेली. एक दिवस मी सांगून टाकलं, "नाही देणार. माझ्या दुकानातून तुला एकही कॉइल मिळणार नाही."

"गिझबर्नच्या दुकानातून आणीन," तो म्हणाला, आणि मागे न बघता गेला.

त्याची मुलगी रिपेका नेपियरला असते. तिचा फोन आला. "आंटी, बाबा फोनवर दोन वाक्यं सलग बोलू शकत नाहीये. डॉक्टर म्हणतात आत्ताच्या आत्ता हे थांबलं नाही तर हिवाळा काढणार नाही. माझं तर तो ऐकतच नाही. तू जाऊन बघ ना."

रविवारी दुपारी गेले. विकी गेल्यापासून त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. खरं सांगायचं तर जिवावर आलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं, आत पडदे ओढलेले. पाओरा आरामखुर्चीत होता, अंगावर विकीने शिवलेली गोधडी. एवढा धिप्पाड माणूस, पण त्या गोधडीत कोणीतरी घडी करून ठेवल्यासारखा दिसत होता. घरभर तो वास. केस जळल्यासारखा.

"आलीस. बस," तो म्हणाला. "कुठे आहे ती विचार."

"नाही विचारणार."

"आधी स्वयंपाकघरात होती. मग पॅसेजमध्ये आली. आता इथे, खुर्चीच्या मागे." मध्ये मध्ये थांबून, श्वास गोळा करून बोलत होता. "जवळ येतेय ती, काहू."

"ती नाही येत आहे, मूर्खा. तू चाललायस तिच्याकडे."

"माहितीये मला," तो म्हणाला. अगदी शांतपणे. मला वाटलं होतं वाद घालेल. वाद घातला असता तर मी जिंकले असते, वादात मला कोणी हरवलेलं नाही. 

मी उठायच्या आत त्याने बटण दाबून ओढलं. कोरडा कापूस चरचरला. खोकल्याची अशी उबळ आली की तो खुर्चीत दुमडला. मी पाठीवर हात ठेवायला वाकले आणि माझ्या कानाशी विकी म्हणाली, "पाओरा, कोरडं ओढतोयस. ठेव ते खाली."

माझा हात तिथेच राहिला.

"आणि काहू, तू काय बघत बसलीयेस? कसली कॉइल दिलीस त्याला?"

कोणाला सांगितलं तर हसतील, पण मी उत्तर दिलं. सवयच होती. "माझ्या कॉइलला नाव ठेवू नकोस," मी म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला अक्कल नाही."

मग काही आवाज नाही. पाओरा खोकत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता. "ऐकलंस ना? ऐकलंस ना तू?"

ऐकलं होतं. आणि आता मला अजून ऐकायचं होतं. आजीच्या घरी मी आणि विकी एका पलंगावर झोपून मोठ्या झालो. रात्रभर पाय मारायची मेली. तिच्या शवपेटीशेजारी बसून मी मोठमोठ्याने बोलले होते, रडले होते, आणि मला वाटलं होतं की माझं झालं बोलून. काही झालं नव्हतं. पाओराच्या हातातून मी वेप कधी ओढून घेतलं ते मला कळलंही नाही. तोंडाला लावलं आणि बटण दाबलं. जळका कापूस घशात शिरला, आणि मी डोळे मिटून वाट बघत राहिले.

"तू पण, काहू?"

ओरडली नाही ती. ओरडली असती तर मी अजून एकदा ओढलं असतं. थकलेल्या माणसाचा आवाज होता तो. दिवसभर काम करून टेकलेल्या बाईला कोणीतरी पुन्हा हाक मारून उठवावं, तसा.

मी पर्समधून नवी कॉइल काढली. त्याच्यासाठीच आणली होती की सवयीने ठेवली होती, देव जाणे. जळकी काढून कचऱ्यात टाकली.

"नको," पाओरा म्हणाला. "काहू, नको ना."

"ती दमलीये. ऐकलंस ना आता?"

त्याने ऐकलं होतं.  मी बाटली त्याच्या हातात दिली. "तू टाक थेंब. मी नाही टाकणार. ती तुझी बायको आहे."

निम्मं लिक्विड त्याने गोधडीवर सांडलं. पण कापूस भिजायला लागला. टाकी भरली, झाकण लावलं, आणि मी वेप आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवलं. "आता थांबायचं," मी म्हणाले. "आणि या वेळात तू बोल."

"काय बोलू?"

"तांगीत नाही बोललास ते." आमच्यात मातीआधी तीन दिवस तांगी असते, तेव्हा मेलेल्या माणसाला तोंडावर सगळं बोलून मोकळं व्हायचं असतं. माया, शिव्या, सगळं. आणि शेवटी जा म्हणायचं, कारण घरच्यांनी सोडल्याशिवाय त्याला जाता येत नाही. मराएवर, गावाच्या सभाघरात, विकीपाशी अख्खा गाव बोलला. हा तीन दिवस पेटीचा कोपरा धरून मुका बसला होता.

 त्याने सुरुवात केली भांडणाने. गाडी घ्यायची होती तेव्हा तू मला विकत घेऊ दिली नाहीस, म्हणाला. तुझी पुहाची भाजी कडू व्हायची, मी कधी बोललो नाही. रिपेका झाली तेव्हा मी दारू पिऊन पडलो होतो आणि तू आईला सांगितलंस की मी कामावर आहे. मला कपाटातलं काही सापडत नाही. मला तुझ्याशिवाय झोपताच येत नाही. मध्ये मध्ये धाप लागून थांबायचा. मी खाली मान घालून बसले होते, दुसऱ्याच्या घरात नको ते ऐकल्यासारखी.

मग तो म्हणाला, "जा, विकी. आता मी बघतो माझं. जा."

खुर्चीमागची लाकडी फळी वाजली. मग पॅसेजमधली वाजली. स्वयंपाकघराचा दरवाजा जुना आहे, तो उघडताना कुरकुरतो. तो कुरकुरला. पाओराने खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली. उठून धावेल असं वाटलं मला. तो उठला नाही.

कापूस भिजला असणार होता. मी वेप उचलून त्याच्या हातात दिलं. त्याने ते बघितलं, मग स्वयंपाकघराकडे बघितलं, आणि बटण दाबून हळूच ओढलं. खोकला आला नाही.

"जळतंय?" मी विचारलं.

तो कान देऊन बसला होता. किती वेळ बसला होता कोण जाणे. बाहेर कोणाच्या तरी अंगणात पोरं ओरडत होती. आत काहीच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "चव चांगली आहे." आणि दोन्ही हातांत तोंड घालून तो ढसाढसा रडायला लागला.